देवाच्या पाण्याची कळशी

खिडकीशी उभी राहून माझी पत्नी वाळूची लहानशी पिशवी उचलीत असते. रोज दहा वेळा उचलायची, असे व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितले आहे. सातव्या वेळी पिशवी अर्ध्यावरच अडते आणि माझी जपमाळ थांबते.

पन्नाशीत तिची पाळी गेली, तेव्हा ती हर्षाने म्हणाली होती, "आता देवाच्या पाण्यात महिन्याचा खंड नाही!" विहिरीवरून तांब्याची भरली कळशी ती रोज कमरेवर घेऊन येई. पुढे मीच ती तिच्या हातून काढून घेतली. वय झाले, आता विश्रांती घ्यावी, हा माझा स्नेह होता. त्या स्नेहाखाली तिची हाडे किती झिजली, हे गेल्या पौषात उंबऱ्याशी पडून तिचे मनगट मोडले तेव्हा कळले.

"काकू, पाळी गेल्यावर हाडं झिजतात, वजन उचललं की टिकतात. ते सोडायलाच नको होतं," ती मुलगी म्हणाली.

"यांना सांग गं! तीर्थाची पळी तेवढी माझ्या हाती ठेवली आहे यांनी."

मुलगी हसली. मला हसता आले नाही. देहाला देवालय म्हणत आलो, पण त्याचे खांब कशाने टिकतात हे मला ठाऊक नव्हते.

आज तिने रिकामी कळशी उचलली. देवघर सात पावलांवर होते. तिसऱ्या पावलावर ती थांबली. मी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली.

कळशी तिने तिथेच खाली ठेवली. मी हात मागे घेतला. तो फार वर्षांपूर्वीच मागे घ्यायला हवा होता.