कापलेले सतरा सेकंद

गयाबाईंना स्वयंपाकाचे व्हिडिओ करायची हौस नव्हती. त्यांना मुलगा परत हवा होता.

सम्यक घर सोडून गेला त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याचे वडील शिवराम तीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत होते. निवृत्त होताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा साहेबांपुढे हात जोडले आणि मुलाला आत घेतलं. सम्यक एकवीस दिवस कामावर गेला. बाविसाव्या दिवशी म्हणाला, "बाबा, नाही जमत. तिथं श्वास घेता येत नाही."

"मग मी तीस वर्षं काय घेत होतो?" शिवराम म्हणाले. "तिथं जमत नसेल तर या घरातही जमणार नाही."

तो गेला. फोन बंद झाला. मोरिवलीतल्या त्या दोन खोल्यांत मग कुणी मोठ्यानं बोलेना.

प्राची ही सम्यकची शाळेपासूनची मैत्रीण. मराठी घेऊन एम. ए. झाली आणि उल्हासनगर कॅम्प एकमधल्या पडद्यांच्या दुकानात लागली. दुकानाच्या वेबसाइटसाठी ती लेख लिहायची. 'पडदा किती लांब असावा', 'कापड कसं धुवावं'. लेख चांगले होते. वाचत कुणी नव्हतं. शोधलं तर चौथ्या पानावर सापडायचे. शेठ एक दिवस म्हणाले, "बेटा, लिखना बहुत हुआ. वीडियो डाल. आदमी दो मिनट रुकेगा, तो ऊपर आएगा." तिनं लेखाच्या सुरुवातीलाच छोटा व्हिडिओ लावला, खाली त्यातलं बोलणं लिहून काढलं, शीर्षकात लोक टाइप करतात तेच शब्द घातले. महिन्यात लेख पहिल्या पानावर आला.

हे तिनं गयाबाईंना सहज सांगितलं. गयाबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे कुणी काही शोधलं, की आधी आपण दिसणार?"

"हो काकी. नीट केलं तर."

"मग सम्या शेवळं शोधेल," गयाबाई म्हणाल्या. "जिथं असेल तिथं शोधेल. घरचं नाव नाही शोधायचा तो, बापावर गेलाय. पण शेवळाची भाजी शोधेल."

मे संपता संपता बदलापूरच्या बाजारात शेवळाच्या, या रानभाजीच्या जुड्या येतात. काकडं ही आंबट रानफळं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो. प्राचीनं गयाबाईंसाठी फुकटचा ब्लॉग उघडला आणि त्यातल्या लेखाला शीर्षक दिलं, 'शेवळाची भाजी : घसा खाजू नये म्हणून काय करावं'. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. गयाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"अगं, भाजी करतेयस की लग्नाला निघालीस?" मागं खुर्चीवर बसलेले शिवराम म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा."

भाजी झाली. गयाबाईंनी फोनकडे बघितलं आणि ठरवलेलं वाक्य म्हटलं, "सम्या, भाजी झाली बाळा. घरी ये." प्राची फोन बंद करायला पुढं झाली, तेवढ्यात मागून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"सांग त्याला, कंपनीचं नाव नाही काढणार मी. जेवायला ये म्हणावं."

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवराम उठून बाहेर गेले. त्यानंतर या विषयावर ते कधीच बोलले नाहीत.

लेख तिसऱ्या पानावर अडकला. प्राचीनं आलेख उघडून पाहिला. कोण कुठवर बघतं ते त्यात दिसतं. भाजी ताटात वाढली की रेघ धाडकन खाली येत होती. शेवटचे सतरा सेकंद जवळजवळ कुणीच बघत नव्हतं. लोकांना भाजी हवी होती, दुसऱ्याच्या घरातलं दुःख नको होतं. शेवटपर्यंत बघितला जाणारा व्हिडिओ वर चढतो, असं ती कामावर शिकली होती. एका लेखात एकच विषय, हेही शिकली होती.

तिनं ते सतरा सेकंद कापले. खाली लिहिलेलं बोलणंही कापलं. मनाशी म्हणाली, आधी त्याला सापडू तर दे. वर आलं की परत जोडू.

"थोडं छोटं केलंय काकी."

"तुला कळतं बाई त्यातलं."

जुलैत लेख पहिल्या नंबरवर आला. गयाबाईंनी आळीत पेढे वाटले. प्राचीनं मग त्याला हात लावला नाही. जोडलं आणि खाली घसरला तर? आज करू, उद्या करू. दिवाळीत दुकानाच्या पडद्यांचे साठ व्हिडिओ काढायचे होते. फोन भरला. तिनं जुनं सगळं पुसलं.

जानेवारीत शिवराम गेले. सकाळी दाढी करताना बसले ते उठले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात लेखाखाली कुणीतरी लिहिलं, 'आंटी, सम्यक मेरा रूममेट था, वापी में.' खाली नाव अल्पेश आणि नंबर. प्राचीनं दुकानाच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

"हाँ, हर संडे देखता था," अल्पेश म्हणाला. "पूरा, आख़िर तक. फिर बोलता, देख, माँ मज़े में है. बाबा पीछे पेपर पढ़ रहे हैं. मेरा तो किसी ने नाम भी नहीं लिया."

"फिर?"

"फिर दिवाली के बाद ओमान का काम मिला. मैंने बोला, घर जाके आ. बोला, उधर कौन राह देख रहा है. नंबर किसी को नहीं दिया उसने."

प्राची जिना उतरून रस्त्यावर आली. मग रिक्षानं मोरिवलीला गेली. गयाबाईंना तिनं सगळं सांगितलं. काहीही कापलं नाही.

गयाबाईंना आधी एवढंच ऐकू आलं, की मुलगा जिवंत आहे. त्या हसल्या. मग हळूहळू बाकीचं पोचलं.

"त्यानं पाहिलं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो काकी."

"आणि यांचं बोलणं?"

प्राचीनं मान खाली घातली. "माझ्याकडेही नाही आता. पुसलं गेलं."

गयाबाईंनी भिंतीवरच्या शिवरामांच्या फोटोकडे बघितलं. शिव्या दिल्या नाहीत. रडल्याही नाहीत. मग फोन घेऊन त्यांनी स्वतःच डब्याला टेकवला.

"बस इथं."

"काकी—"

"तू होतीस तेव्हा. तू ऐकलंयस. तू सांग त्याला, काय म्हणाले ते."

प्राची बसली. फोनच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत होता. ती म्हणाली, "सम्यक, तुझे बाबा म्हणाले होते, कंपनीचं नाव काढणार नाही. जेवायला ये."

"असं नाही म्हणाले ते," गयाबाई म्हणाल्या. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. आवाज जड काढून पाहिला, मग हलका.

"असं नाही गं."

प्राचीनं डोळे पुसले आणि पुन्हा बटण दाबलं.