धक्का सोसणारी दुर्बीण

भद्रकालीच्या बाजारात माझ्या दुकानाशेजारी एक बंदूक दुरुस्त करणारा बसतो. बंदुकीवरची दुर्बीण देण्याआधी तो ती रबरावर जोरात आपटतो आणि आतली नेम धरायची फुली सरकली का बघतो. "धक्का सोसला पाहिजे," एवढंच बोलतो.

मागे एक बागायतदार गोळी सुटताना जबर धक्का देणारं शिकारी पिस्तूल घेऊन आला. तीन दुर्बिणींची फुली सरकली, चौथीची नाही. ती पिस्तुलावर बसवताना दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "डुकरांसाठी ना?"

"नाय हो. उसात बिबट्याची मादी व्यायलीय."

यानं स्क्रू परत काढले. "टिकणारी नाही माझ्याकडे."

आठवड्यानं, उसातल्या त्या मादीला कुणीतरी गोळी घातल्याची बातमी मी त्याला वाचून दाखवली.

"पिल्लं सापडली का?" त्यानं विचारलं.

बातमीत पिल्लांबद्दल काहीच नव्हतं.