हातात काहीतरी धर

मामींचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, ऑफिसच्या जिन्यात होते. "तुये मामाजी गेले वो, बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच कानाला धरून राहिल्या. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, ते ऐकू येत होतं... मी फोन कानाला धरूनच जिना उतरले. वेळेवर मला शब्द सापडत नाहीत, हे मामींना माहीत आहे. मामांना तर फारच माहीत होतं.

मामा वरठीजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात, म्हणजे अपघात टाळायच्या कामावर होते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटपाशी जमलेल्या कामगारांशी थोडं बोलायचं, हे त्यांचं रोजचं काम. रिकाम्या हातानं ते कधी बोलले नाहीत. कधी तुटका पट्टा, कधी जळालेला हातमोजा. वस्तू वर धरायची, गप्प राहायचं, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या की म्हणायचं, "पाहा."

मी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत होते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी गप्पच. एकदा वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी माझं नाव घातलं, विषय आवडतं झाड. मामा म्हणाले, "हातात काहीतरी धर. लोक त्याले पाहतील." लाखनीकडून येताना त्यांनीच मोहाची फुलं आणून दिली. स्टेजवर मी रुमाल उघडला आणि वास पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. आमच्याकडे मोहाचा वास म्हटलं की लोकांना दारूची भट्टी आठवते. आमच्या दोघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्यासाठी ती मामींच्या लाडवांची फुलं होती. मागून कुणीतरी म्हणालं, "काहून वो, बाटली घरीच विसरली का?" सगळा हॉल हसला. मी अर्ध्यातच खाली उतरले.

मामा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसले होते. "हसले ना? म्हंजे लोकाईनं पाह्यलं," ते म्हणाले. मी परत कधीच बोलणार नाही म्हटल्यावर त्यांनी मला टरबुजाची गोष्ट सांगितली. हेल्मेट नसलं तर डोक्याचं काय होतं, हे दाखवायला त्यांनी गेटवर टरबूज आपटून फोडलं होतं. "तर एकजण उचलून खाऊन म्हणते, साहेब, गोड आहे. दुसऱ्या दिवशी पोट्टे मीठ घेऊन हजर."

"मग?"

"मंग काय, कच्चं कवठ नेलं."

निवृत्त होईपर्यंत लोक त्यांना टरबूजवाले साहेब म्हणत. त्या दिवशी गाडीला किक मारण्याआधी ते म्हणाले, "मले बी भेव लागते. हात कापतात माये. म्हणून त्यात काही धरून ठेवतो." मी तोपर्यंत समजत होते की भीती फक्त मलाच वाटते.

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. उरला तो एकच शब्द, "पाहा". चहा हवा असला की ते डाव्या हातानं कप वर धरत आणि म्हणत, पाहा. कधी काय हवंय ते कळायचं नाही. "आता कंगवा कायले दाखवून राहिले? केस तरी आहेत का डोक्यावर?" मामी चिडायच्या, मग न्हाव्याला बोलवायच्या.

शेवटची भेट धानकापणीच्या दिवसांतली. त्यांनी स्टीलचा ग्लास वर धरला. मामींनी पाणी आणलं, त्यांनी मान हलवली. मग तो ग्लास माझ्या हातात देऊन त्यांनी बोटानं उभं राहायला सांगितलं. "भाषण कर म्हणतेत तुले," मामी म्हणाल्या. खाट आणि फ्रिजच्या मधल्या जागेत मी उभी राहिले. हा ग्लास लहानपणी मी कितीदा पाडला, त्याला पोचे कुठे कुठे आहेत, असलं काहीबाही बोलले. मामा आयुष्यात पहिल्यांदाच ग्लास पाहत असल्यासारखे ऐकत होते. संपल्यावर एका हातानं त्यांनी मांडीवर टाळ्या वाजवल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीची भाषणं सुरू असताना, मामी म्हणाल्या, "सारे बाहेरचेच बोलून राहिले. घरचं कोणीतरी बोललं पाहिजे, बाई." मी घरभर फिरले. चष्मा उचलला, ठेवला. घड्याळ उचललं, ठेवलं. त्यांची कुठलीच वस्तू मला लोकांसमोर वर धरवेना... बुद्धवंदना झाली, माझं नाव पुकारलं, मी तशीच गेले. हात कापत होते आणि लपवायला काही नव्हतं.

मांडवात कारखान्यातले लोक बसले होते. चपला बाहेर, पण हेल्मेट मात्र प्रत्येकाच्या मांडीवर. ते बाहेर टाकून आलेलं मामांना चालायचं नाही. मी म्हटलं, "मी त्यांची भाची. मला बोलता येत नाही. त्यांना जे सांगायचं होतं ते तुमच्या मांडीवरच आहे." सगळ्यांनी खाली पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. मग मी थोडं बोलले... काय बोलले ते आता आठवत नाही.

घर कारखान्याच्या रस्त्यावरच आहे; शिफ्ट सुटायच्या वेळी मामी आता घराच्या फाटकात उभ्या असतात. कुणी उघड्या डोक्यानं गाडीवर दिसला की त्या विचारतात, "काहून रे, डोकं घरी ठेवलं का?" परवा मी तिकडे गेले होते, तेव्हा त्या आत पोळ्या लाटत होत्या आणि फाटकात मी एकटीच होते. एक अनोळखी माणूस हँडलला हेल्मेट अडकवून वेगात चालला होता. मी दोन्ही हातांनी फाटक धरलं आणि ओरडले, "ओ भाऊ!"

रस्त्यापलीकडच्या दुकानातले लोकही वळून बघायला लागले. त्यानं ब्रेक मारला. मी फाटक सोडलं आणि पुढचं बोलले.