जोमाभाऊंनी बिघडवलेली गाडी

जोमाभाऊ कुठल्याही यंत्राला आधी पालथा हात लावायचे. पाना, पक्कड सगळं पिशवीत राहू द्यायचे आणि हाताची मागची बाजू मोटरीवर अलगद टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. वाशीला आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी बादली घेऊन खाली उभी होते आणि हा बुटका, काळासावळा माणूस पंपावर हात ठेवून निवांत. मी शिक्षिका, स्वस्थ उभी राहिलेली माणसं मला बघवत नाहीत. म्हटलं, "अहो, ताप बघताय की पंप दुरुस्त करताय?" डोळे न उघडता म्हणाले, "तापच बगतो, बाई. कुठं तापलाय ते समजला का अर्धा काम झाला." वीस मिनिटांत पाणी वर चढलं आणि मी मुकाट्याने बादली उचलली.

आमच्या सेक्टरला लागून जे जुनं गाव होतं, तिथले ते. वाडवडील मिठागरावर राबलेले. पुढे शहर आलं, मिठागर गेलं आणि जोमाभाऊ ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. शिक्षण मराठी चौथी. पण कारखान्यातले इंजिनियर अडले की यांना हाक मारायचे, असं त्यांच्याबरोबरचे कामगार सांगत. ते स्वतः कधी सांगत नसत. स्वतःबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "मी काय, मी हात लावनारा मानूस."

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास मी एक जुनी छोटी गाडी घेतली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले होते. घरात तेवढ्यावरून पुष्कळ करमणूक झाली. आमचे हे शेजारी बसायचे ते दाराची कडी घट्ट धरूनच. गाडी मात्र जोमाभाऊंना भारी आवडली. तिच्या पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. असले ब्रेक त्यांनी आधी पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी ते चाकापाशी उकिडवे बसले आणि चहा गार होईपर्यंत उठले नाहीत.

त्या दसऱ्याला ते कारखान्यातून थेट आमच्याकडे आले. कारखान्यात दसऱ्याला प्रत्येक यंत्र पुसायचं, त्याला नवं ग्रीस द्यायचं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. ग्रीस न देता पूजा करणं म्हणजे देवाला पारोशाने हात लावणं, असं ते मानत. उरलेल्या ग्रीसचा डबा त्यांनी बरोबर आणला होता. "बाईंची गाडी सनाला कोरडी कशी ठेवायची?" म्हणाले आणि पुढची दोन्ही चाकं उतरवून जिथे जिथे सांधा दिसला तिथे तिथे मायेने ग्रीस भरलं. मग माळ घातली. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. सगळं कसं साग्रसंगीत झालं.

डिसेंबर संपता संपता मला उरणच्या शाळेचं मुख्याध्यापिकापद देऊ केल्याचं पत्र आलं. अठरा वर्षं मी या पत्राची वाट पाहिली होती. पण वाशीहून उरणला बसने जायचं तर मध्ये बदलायची, ताटकळायचं, आणि प्रार्थनेच्या आत पोहोचण्याची खात्री देवालाही नाही. गाडी होती म्हणूनच मी होकार देणार होते. सोमवारी हजर तरी व्हायचं, नाहीतर नकार तरी कळवायचा. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी जडावली. पुढे रेटल्याशिवाय जाईना, डावीकडे ओढायला लागली, आणि थांबले की डाव्या चाकातून करपल्याचा वास. गॅरेजवाला म्हणाला, ब्रेकचं सगळंच बदलावं लागेल, महिनाभर तरी गाडी सोडा. ह्यांना तेवढंच हवं होतं. ऑफिसातले एक सहकारी गाडी घ्यायला तयारच होते. "रविवारी चारला ते बघायला येतील," हे म्हणाले. "उरणचं काय, पुन्हा कधीतरी मिळेल." पुन्हा कधीतरी! मला इतका संताप आला की मी त्या रात्री भाजीत मीठच घातलं नाही. सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

रविवारी सकाळी आठला मी गावात जाऊन जोमाभाऊंच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं, चार वाजताचंही. ते म्हणाले, "चला. पयले गाडी चालवून आना. ब्रेक जमंल तेवढा कमी दाबा." मी तुर्भ्यापर्यंत जाऊन आले. त्यांनी चारही चाकांजवळ पालथा हात नेला. तीन ठिकाणी क्षणभर थांबला, डाव्या पुढच्यापाशी झटकन मागे आला. चार थेंब पाणी शिंपडलं तर तव्यावर पडल्यासारखं चुरचुरलं. "हाच," ते म्हणाले. "आता हा धरून बसलाय तो कशापायी, ते बगू."

मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, जॅकच्या भरवशावर न राहता खाली लाकडाचा ठोकळाही सरकवला. चाक हाताने फिरेना. आमचे हे पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पेपर घेऊन उभे होते. पेपर नुसता हातात होता. जोमाभाऊंनी कॅलिपरच्या मागची छोटी तोटी किंचित सैल केली. ब्रेक ऑइलचे दोन-चार थेंब आले. चाक पुन्हा फिरवून पाहिलं, तसंच घट्ट. ते हसले. "बाई, ऑइल दाबून ठेवत असता, तर तोटी सोडल्यावर चाक सुटला असता. सुटला नाय. म्हंजे वरचा सगळा चांगला हाय. गॅरेजवाला जे बदलाया सांगतो ते बदलायचाच नाय. रोग हितंच हाय, हाताएवढ्या जागेत."

चाक उतरलं, कॅलिपर सुटला. आतली ब्रेकची पट्टी पापडासारखी झिजलेली, बाहेरची जाड. पट्टीला थाळीवर दाबणारा कॅलिपरमधला दट्ट्या त्यांनी लाकडाच्या तुकड्याने दाबून पाहिला, तो निमूट आत गेला. म्हणजे तोही निर्दोष. राहिल्या दोन पिना. कॅलिपर या पिनांवर मागेपुढे सरकतो. सरकला तरच ब्रेक सोडतो. एक पीन निघेना. पक्कडीने पिळून पिळून निघाली तेव्हा तिच्यावरचं रबर फुगून, मऊ पडून आतल्या आत अडकलेलं दिसलं. जोमाभाऊ त्या रबराकडे बराच वेळ पाहत राहिले. "रबर असा फुगला कशापायी?" ते स्वतःशीच म्हणाले. मग हात पुसले, माझी सायकल घेतली आणि नव्या पट्ट्या नि रबरं आणायला गेले. ओळखीच्या दुकानदाराला रविवारी घरून उठवून शटर उघडायला लावलं असणार. तासाभराने परत आले.

रबरांच्या पाकिटात लाल ग्रीसची एक पुडी होती आणि एक इंग्रजी कागद. "वाचा बाई," ते म्हणाले. मी वाचून मराठीत सांगू लागले. पिना साफ करा, रबर नवीन बसवा, सोबतचं ग्रीस लावा. त्याच्या खाली जाड अक्षरांत आणखी एक ओळ होती. साधं खनिज तेलाचं ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं आणि पीन अडकते. माझ्या डोळ्यांपुढे दसऱ्याचा तो डबा आला. वर गॅलरीत हे कान टवकारून उभे. मी ती ओळ सोडून पुढचं वाचलं.

"बाई, जाड अक्षराचा काय ते नाय वाचला तुमी," जोमाभाऊ म्हणाले.

अठरा वर्षं मी मुलांच्या गाळलेल्या ओळी पकडत आले, आणि चौथी शिकलेल्या माणसाने माझी पकडली. मी वाचली. जमेल तितक्या हळू आवाजात. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग ते उठले, गॅलरीखाली जाऊन उभे राहिले आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, बाईंच्या गाडीत खोट नाय. बाईंच्या चालवन्यातबी नाय. कारखान्याचा ग्रीस मी लावला, म्हनून चाक धरला. चूक माजी हाय."

ह्यांनी पेपरची घडी घातली. मला मात्र भरून आलं. जोमाभाऊ गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? अठरा वर्षांत मी किती मोठमोठ्या साहेबांना स्वतःच्या चुका शिपायाच्या नावावर ढकलताना पाहिलं होतं.

पुढचे तीन तास त्यांनी मान वर केली नाही. पिना बारीक पॉलिश कागदाने घासून चकचकीत केल्या, जुन्या ग्रीसचा कण न् कण पुसला, नवी रबरं, लाल ग्रीस, नव्या पट्ट्या. डावीकडचं झाल्यावर उजवं चाकही उतरवलं. मी म्हटलं, "ते तर चांगलं चालतंय." म्हणाले, "तितंबी मीच हात मारलाय. आज नाय तर म्हैन्यानं धरंल." त्याचंही रबर फुगायला लागलेलंच होतं. शेवटी मला आत बसवून ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढली. "दाबा बाई. धरा. आता सोडा. सोडा म्हनलं का सोडायचा, आधी नाय." वर्गात हुकूम सोडणारी मी, मुकाट्याने दाबत आणि सोडत होते.

तीनला मी बेलापूरपर्यंत जाऊन आले. गाडी अशी सुटली होती की चढावर पाय अलगद ठेवला तरी पळत होती, आणि ब्रेक दाबला की सरळ रेषेत उभी. परत आल्यावर जोमाभाऊंनी चारही चाकं तपासली, डावं-उजवं सारखंच कोमट. मी रस्त्यात मोठमोठ्याने हसत होते. समोरच्या बाई गॅलरीतून बघत होत्या, बघू देत.

चारला ह्यांचे सहकारी आले. गाडीभोवती फिरले, एक फेरी मारून आले, आणि खूश होऊन म्हणाले, "वा, मला वाटलं होतं त्याहून फारच छान आहे. आजच ठरवून टाकू." हे म्हणाले, "हो, आता ठणठणीत झालीय, तर..." जोमाभाऊ नळाखाली साबणाने हात धूत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "साहेब, गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"हिच्या," हे म्हणाले.

"मंग बाईंना इचारलाय?"

आठवडाभरात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा स्वतःला विचारला नव्हता. नुसतं चिडून भाजीत मीठ घातलं नव्हतं. मी सहकाऱ्यांना म्हटलं, "चहा घेऊन जा. गाडी विकायची नाही. उद्या सकाळी मला उरणला हजर व्हायचंय." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जोमाभाऊंच्या पाठीकडे पाहिलं आणि स्वतः चहा टाकायला वर गेले. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. ह्यांनी केलेला तो पहिला चहा, आणि साखर जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा जोमाभाऊ सेक्टरच्या कोपऱ्यावर कारखान्याच्या बसची वाट पाहत उभे होते. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, चाकांकडे पाहत राहिले. प्रार्थनेला दहा मिनिटं असताना मी शाळेत पोहोचले.

तिथून निवृत्त होईपर्यंत मी मुख्याध्यापिका होते, आणि गाडी शेवटपर्यंत माझ्या हाताखाली होती. निवृत्तीनंतरच्या वर्षी जोमाभाऊ गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तेव्हा ओटी माणसांनी भरलेली होती. त्यांच्या मुलाने माझी ओळख करून दिली, "या त्या बाई. बाबांनी यांची गाडी बिघडवली होती." सगळ्यांनी माना हलवल्या. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. दर दसऱ्याला ग्रीसचा डबा उघडण्याआधी ते नव्या पोरांना ती सांगायचे म्हणे.

"आणि दुरुस्त कुणी केली, ते सांगायचे?" मी विचारलं.

मुलगा गोंधळला. "नाय बाई. ते कवाच नाय बोलले."

मी चपला काढल्या, ओटीवर मांडी घालून बसले आणि त्या सगळ्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.