सोळा ग्रॅम मिथेन आणि बंद खिडकी

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीला तिरप्या काचेच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यावर माझ्यापेक्षा कबुतरांचाच हक्क जास्त होता. शेजारची बिल्डिंग पाडून नवी उभी राहत होती. तिथली बेघर झालेली कबुतरं आमच्याकडे राहायला आली. पिसं, घाण, वर सिमेंटची धूळ. शेवटी एका शनिवारी मी आतून अॅक्रिलिकची शीट बसवली आणि चारी कडांना सिलिकॉन भरलं. मुंगी शिरेल एवढीही फट ठेवली नाही. काम इतकं झकास झालं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. बाथरूम बघायला पाहुणे बोलावणारा अख्ख्या मुलुंडमध्ये मी एकटाच असेन.

त्याच बाथरूममध्ये, भिंतीवर, पाइपच्या गॅसवर चालणारा गीझर होता.

पुढच्या आठवड्यात अंघोळ करून आलं की डोकं जड व्हायला लागलं. बायको म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं." मी म्हणालो, "नंबर नाही, वय." गीझरची निळी ज्योत पिवळट दिसू लागली, वरच्या टाइल्सवर काजळी धरली. ती मी घासूनपुसून लख्ख केली. स्वच्छतेची हौस ना मला!

रविवारी सकाळी बायको केस धुवायला आत गेली. जाताना म्हणाली, "आज डोकं जरा जास्तच दुखतंय. गरम पाणी घेतलं की बरं वाटेल." बाहेर डायनिंग टेबलापाशी आमची अकरावीतली मुलगी केमिस्ट्री घेऊन बसली होती. केमिस्ट्रीत मी शाळेपासून हुशार, ही अफवा घरात मीच पसरवलेली.

"सोळा ग्रॅम मिथेन पूर्ण जळाला," मी पेन फिरवत म्हणालो, "तर त्याला चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तयार होतो चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायॉक्साइड आणि छत्तीस ग्रॅम पाणी. डावीकडे ऐंशी, उजवीकडे ऐंशी. काय कठीण आहे यात? आपल्या पाइपातला गॅस म्हणजे बहुतेक मिथेनच. तुझी आई आत्ता आत हेच गणित सोडवतेय."

"बाबा, पुढचा भाग राहिलाय. ऑक्सिजन अठ्ठेचाळीसच ग्रॅम असेल तर?"

"तर थोडा गॅस न जळता उरेल. सोपं आहे."

"नाही रे! नीट वाच ना. अर्धवट जळतो. कार्बन डायॉक्साइडच्या जागी मोनॉक्साइड होतो, असं धरायचंय." तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "अठ्ठावीस ग्रॅम मोनॉक्साइड, छत्तीस ग्रॅम पाणी. डावीकडे चौसष्ट, उजवीकडे चौसष्ट. मिळालं!"

मिळालं खरं. हवा कमी पडली की गणित कुठेतरी अडेल, अशी माझी समजूत होती. ते तितक्याच गुमान जुळलं. वहीत CO₂ मधला फक्त दोनचा आकडा गळला होता. मी त्या अठ्ठावीसकडे बघत राहिलो. विषारी वायू, ना रंग, ना वास. पिवळी ज्योत. काजळी. जड डोकं. आणि माझं सिलिकॉन.

आतून पाण्याचा आवाज येत होता. एकसारखा, मध्ये कुठे तांब्या बुडवल्याचा खंड नाही. बादली भरून वाहत होती.

"ए, ऐकतेस का?"

पाणी वाहत राहिलं.

"आई!" मुलगी ओरडली. मी आधी बाहेरचा गॅसचा कॉक बंद केला, मग दाराला खांदा लावला. पीव्हीसीचं दार, दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. बायको भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला शाम्पू तसाच, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून गॅलरीत ओढत आणलं. मुलीने अँब्युलन्सला फोन लावला. मी बायकोच्या गालावर चापट्या मारत होतो आणि ती आपली दुसऱ्याच कुणाकडे तरी बघत असल्यासारखी.

गॅलरीतच तिने तोंड उघडलं. "दार मोडलंस?" म्हणाली. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि मी शेजारी बसून तिच्या केसांतला वाळलेला शाम्पू काढत होतो.

शीट मी त्याच संध्याकाळी उचकटली. गीझर काढून विजेचा बसवला. कबुतरं परत आली, हक्काने. तरी बायको अंघोळीला गेली की मी बाहेर उभा राहून विचारतो, "ऐकतेस ना?"

"हो रे बाबा, ऐकतेय," असं आतून येतं.

कधीकधी मात्र ती मुद्दाम उत्तर देत नाही. पाणी तेवढं वाहत राहतं. मुलगी वहीतून मान वर करते, आणि आम्ही दोघंही दाराकडे बघत बसतो.