हळदीचं बोट

आत्या गेली त्या सकाळी तिनं चहा ठेवला होता. मी आंघोळ करून आले तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मान टाकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याला आता पाच आठवडे झाले. आदल्या दिवशी तिनं मला शेवटचं विचारलं होतं, "रिपोर्ट आला का वं?" दिवसातून चारदा विचारायची... मी वैतागून म्हटलं, "आला की सांगीन ना!"

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण आणि माझी सासूही. आमच्यात भावाची मुलगी सून करून आणायची रीत आहे. खाप्याच्या माहेरची एक तरी पोर शहरात महाल वस्तीतल्या आपल्या घरात हवी, हा तिचा हट्ट. तिचा निखिल आणि मी एकमेकांच्या खोड्या काढत वाढलो, त्यामुळे आम्हीही नाही म्हटलं नाही. गंमत अशी, की आत्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायची. जवळच्या नात्यातल्या लग्नांचे धोके यावर दरवर्षी एक तास पोटतिडकीनं बोलायची. घरी आली की मात्र खाप्याची लेक व्हायची.

आमचा अनय जन्मला आणि त्यानं मान धरलीच नाही. मग झटके येऊ लागले. आठ महिन्यांचा होऊन तो गेला. तपासणीत निघालं, यूएफएम-वन नावाच्या जनुकात बिघाड, आणि तो आम्हा दोघांकडून आलेला. मला ओ की ठो कळलं नाही. आत्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. मग उठून देवघरातली हळद आणि कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका घेऊन आली, आणि पत्रिकेच्या कोपऱ्याला बोट टेकवलं.

"हे पाय. छापून आली तं नुसता कागद. हळद लागली का आवतन झालं. हे जनुक एवढंसं एक प्रथिन बनवते. ते दुसऱ्या प्रथिनांले जाऊन चिकटते, या बोटावानी, मंग त्यायले आपलं काम समजते. अनयच्या अंगात हे बोटच नीट लागत नव्हतं."

"पण काहून?"

"एक प्रत बिघडली तं दुसरी सांभाळून घेते. त्याच्या दोन्ही बिघडल्या. एक तुही, एक निखिलची. दोन्ही खाप्याच्या एकाच घरातून आल्या." मग पत्रिकेकडे बघत म्हणाली, "मले माहीत होतं वं... मीच तं शिकवत होती पोरायले."

मला राग आला. खूप आला. दोन महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिनं माझी समजूत घातली नाही की माफी मागितली नाही. स्वतःचं रक्त तेवढं तपासायला दिलं. तिचीही एक प्रत बिघडलेली निघाली, तेव्हा तो कागद माझ्या पुढ्यात ठेवून ती शेंगा सोलायला बसली. थोड्या वेळानं मीही शेजारी बसून सोलायला लागले.

पुन्हा दिवस राहिले, तेव्हा चारात एक शक्यता पुन्हा तेच होण्याची होती. पोटातल्या बाळाच्या वारेचा नमुना तपासायला गेला. रिपोर्ट आला तो आत्या गेल्यावर नवव्या दिवशी. एक प्रत बिघडलेली, एक चांगली. म्हणजे त्या आजाराची भीती नाही. बाळ माझ्यासारखं, निखिलसारखं, आत्यासारखं. सांगायला मी लगबगीनं स्वयंपाकघरात गेले आणि रिकामी खुर्ची पाहून परत आले.

मागच्या आठवड्यात तिचं कपाट आवरलं. साड्यांच्या खाली एक झबलं निघालं, तिच्याच जुन्या सुती साडीचं, हातानं शिवलेलं. जन्माआधी बाळाचे कपडे शिवू नयेत, असं सगळ्यांना बजावणारी तीच! रिपोर्टसाठी मला भंडावून सोडणाऱ्या बाईनं रिपोर्ट यायच्या आधीच शिवून ठेवलं होतं. नव्या कपड्याला लावतात तसं कोपऱ्याला हळदीचं बोटही लावलेलं. उजेडात धरलं तर बोटाच्या रेषा दिसतात.

बाळाचे कपडे आधी धुऊन घ्यावेत म्हणतात. बाकीचे सगळे धुईन. हे आहे तसंच घालणार आहे.