मोहाखालचा पाला आणि धनु राशीतला मेघ

दोन वर्षं मी धनु राशीतल्या एका तेजोमेघाच्या मागे होते. तिथे वायूच्या ढगातून नवे तारे तयार होतात. डोळ्यांना फिकट डाग दिसतो. लाल रंग कॅमेऱ्यालाच दिसतो. पहिल्या वर्षी आभाळ भरून आलं, दुसऱ्या वर्षी दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर बिघडली. या मार्चमध्ये मोहाडीजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत मी पहाटे चारला छोटी दुर्बीण लावली. चार दिवसांनी चंद्र पहाटेपर्यंत राहणार होता. मग पुन्हा थांबणं.

तिसऱ्याच फोटोवर धूर आला. दक्षिणेला, बरोबर मेघाच्या खाली, शेजारची काकी तिच्या मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवत होती. जमीन साफ झाली की पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. इकडे सगळेच तसं करतात.

मी तरातरा गेले. "काकी, आग विझवता का? मले आभाळाचा फोटो काढाचा आहे."

"आभाळ कुठं पळून जाऊन राहिलं का वं? फुलं मात्र उजाडलं की ढोरं खातेत."

"पाला मी झाडून देतो."

"तू? नोकरीवाली? कंबर धरली का मंग मलेच बोलशील."

"खराटा द्या."

तिनं आधी खराटा माझ्या हातात दिला, मगच आगीवर माती टाकली.

खरं तर बरंच झालं. कॅमेरा दोन-दोन मिनिटांचे फोटो आपोआप काढतो, तोवर माणसानं नुसतं बसायचं. ते मला जमत नाही. एरवी मी दुर्बिणीच्या तिपाईभोवती फिरत राहते आणि माझ्याच पावलांच्या हादऱ्यानं तारे लांबट येतात. त्या पहाटे मी लांब झाडाखाली होते, तरी मान सारखी वळत होती. मोटर चालू आहे ना? बॅटरी उतरली तर?

"मान तिकडं, खराटा इकडं. अर्धा पाला तसाच राहिला न," काकी म्हणाली.

उजाडेपर्यंत तीस फोटो झाले. घरी ते एकावर एक जोडले, तेव्हा मधोमध काळी चीर असलेला लाल मेघ उमटला. पण कडा दाणेदार होत्या. ते दाणे जायला आणखी तीन पहाटांचे फोटो हवे होते.

संध्याकाळी काकीला तो फोटो मोबाइलवर दाखवला. तिनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"इतकुसा? याच्यापायी मले पाला जाळू नाही देला?"

"अजून तीन दिवस नका जाळू, काकी."

"मंग उद्या त्या दुसऱ्या मोहाखालचा पाला झाड. तो मोठा आहे."

मी गजर चारऐवजी तीनचा लावला.